एका होडीच्या दोन आठवणी

हेमाबाईंचा स्वतःच्या आठवणीवर काडीचा विश्वास नव्हता, आणि आमच्या तर त्याहून नाही. डहाणूच्या कॉलेजात त्या आम्हाला मानसशास्त्र शिकवायच्या. पहिल्याच तासाला एक मासळीवाली मावशी थेट वर्गात शिरली, टोपली टेबलावर आपटली, बाईंशी कडकडून भांडली आणि टोपली उचलून निघूनही गेली. बाईंनी शांतपणे विचारलं, "टोपलीत काय होतं?" मी ताडकन उठले. मी चिखले गावची, मासेमारांच्या घरातली. मी नाही सांगायचं तर कोणी? "पापलेट, बाई. वर थोडी कोलंबी." मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, त्याला तर वासपण आला. बाईंनी मावशीला परत बोलावलं. टोपलीत चिकू होते, नुसते चिकू. वर्ग हसून लोळला आणि मी कितीतरी दिवस धुमसत राहिले.

"चिडतेस कशाला, पोरी?" बाई म्हणाल्या. "तू खोटं नाय बोललीस. आठवण म्हणजे काय फोटो आहे, काढला अने ठेवला? ती भाजी आहे. दरवेळी नवीन फोडणी, अने मसाला ज्याच्या त्याच्या घरचा." बाई तलासरीच्या. माहेर गुजराती बोलणारं, शेजार वारली, नोकरी मराठीत. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात तीन गावं भेटायची. घरून निघाल्यावर कुलूप लावलं की नाही ते त्यांना कधी आठवायचं नाही. मग त्या कुलूप लावताना मोठ्याने गाणं म्हणायच्या. गाणं आठवलं म्हणजे कुलूप लागलं. अख्ख्या आळीला बाई कामावर निघाल्याचं कळायचं.

कॉलेज सुटलं तरी बाई सुटल्या नाहीत. माझं लग्न ठरलं आणि साखरपुड्यातच घोळ झाला. बाबा पाहुण्यांना आपली लाडकी गोष्ट सांगायला बसले: लहानपणी होडी उलटली आणि त्यांनी धाकट्या भावाला ओढून किनाऱ्यावर आणलं. काका समोर जेवत होता. तो ताटावरून उठला. "ओढून आणलं मी, आणि सांगतो हा. माझी गोष्ट चोरली ह्याने." भिंतीला भिंत लागून घरं, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. आमच्यात मुहूर्तमेढ एकट्या बापाने रोवायची नसते, भावाचा हात लागावा लागतो. ते जाऊ दे, मी काकाच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. तो मांडवात नसेल तर मला ते लग्नच नको होतं.

पत्रिका द्यायला तलासरीला गेले आणि बाईंसमोर भोकाड पसरलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रविवारी येते. बापाला ओट्यावर बसव. काकाला बोलवू नकोस, तो आपोआप ऐकेल."

आणि तसंच झालं. बाबा आमच्या ओट्यावर, काका त्याच्या ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून जाळं विणत. बाईंनी कोणी कोणाला वाचवलं हे विचारलंच नाही. "पाणी कसं होतं?" "गढूळ. तोंडात वाळू." "अने हाताला काय लागत होतं?" बाबांनी मूठ आवळून दाखवली. "ह्याचे केस. केसांना धरूनच ओढला."

"कुठले केस?" काका पाठमोराच बोलला. "उवा झाल्या म्हणून आईने आदल्याच दिवशी माझा चकोट केला होता."

बाबांची मूठ तशीच राहिली. मला वाटलं, आता हे कायमचंच तुटणार. बाई मात्र मजेत चहा पीत होत्या. "मग तुम्ही सांगा, भाऊ. किनाऱ्याला लागल्यावर काय झालं?"

काका आता पुरता वळला. "होणार काय, चोरासारखे घरी गेलो. नशीब, आई चार दिवस माहेरी गेलेली. असती तर दोघांना बडवलं असतं."

"आई माहेरी होती," बाबा सावकाश म्हणाले, "तर आदल्या दिवशी तुझा चकोट कोणी केला?"

आधी काकाच हसला. मग बाबा. दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाईंनी त्यांचं हसू ओसरू दिलं आणि विचारलं, "भीती कसली वाटली होती?"

"हा गेला तर घरी एकटा कसा जाऊ," बाबा म्हणाले.

"मलापण तीच," काका म्हणाला.

"हे जुळलं बघा. ही गोष्ट एकमेकांना किती वेळा सांगितली?"

"एका गोधडीत झोपायचो, बाई. रोज रात्री तीच."

"मग कोणाची कुठली, हे आता कोणीच नाय सांगू शकणार," बाई म्हणाल्या. "अने चोरी कसली? ज्याच्यावर जीव नाय, त्याची गोष्ट कोण आपली करून घेतो?" काकाने जाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडे चहा मागितला, आमच्या घरचा.

मेढ दोघांनी मिळून रोवली. लग्नाच्या पंगतीत बाबांनी व्याह्यांना पुन्हा तीच गोष्ट सांगितली: "ह्याने मला वाचवलं." काका उसळला, "काहीतरीच काय, तूच मला ओढलंस." आणि दोघांची त्यावरून जुंपली. काकाच्या बाजूला बसलेल्या हेमाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला, मी पाणी घेऊन धावले.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. परवा हे सगळं मी नवऱ्याला सांगत होते. तो म्हणाला, "बाई पंगतीला कुठे होत्या? त्यांची गाडी चुकली, त्या संध्याकाळी आल्या. फोटो बघ हवं तर." एरवी मी भांडले असते. पण मी लग्नाचा अल्बम उघडलाच नाही. मला बाई तिथे दिसतात, काकाच्या बाजूला, हसून लाल झालेल्या, आणि माझ्या हातातला पाण्याचा गार तांब्यापण मला आठवतो.