युनूसच्या गाडीतली जागा

तुम्हाला सांगायला बसलो खरा, पण हे माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही. ज्याच्या शेजारी बसून मी रोज शाळेला जातो, त्या युनूसला तर नाहीच नाही. कुठून सुरू करू? गाडीपासूनच करतो — सगळं गाडीवरूनच झालं.

मी नांदेडला राहतो, तरोडा नाक्याजवळ. बिलोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. नांदेडहून ये-जा करणारे आम्ही चौघं — मी, चित्रकलेचे युनूस सर, हिंदीच्या संध्या मॅडम आणि खेळाचे गाडेकर. गाडी माझी. जुनी, पेट्रोलवरची, पण माझी. सकाळी देगलूर नाक्यावर युनूस उभा असायचा, पुढे सिडकोत बाकीचे दोघं. नायगावला चहाला थांबायचं की नाही, ते मी ठरवायचो. पुढं कोण बसणार, काच वर की खाली — तेही मीच. तुम्हाला हसू येईल. पण शाळेत मला फारसं कुणी विचारत नव्हतं. पोरं माझ्या तासाला जांभया द्यायची. रस्त्यावर मात्र तीन माणसं माझी वाट बघत उभी असायची. ते सुख लहान होतं का? माझ्यासाठी तरी नव्हतं.

मग पेट्रोल वाढत गेलं. दर वेळी मला वर्गणी वाढवून मागावी लागे, आणि मागताना माझं तोंड कडू होई. गाडेकर न बोलता द्यायचा. संध्या मॅडम म्हणायच्या, यात सरांचा काय दोष. पण गाडीतल्या गप्पा कमी झाल्या. पंपावर गाडी वळवली की सगळे खिडकीबाहेर बघायला लागायचे.

अशात युनूसनं बॅटरीवरची गाडी घेतली.

घेतली त्याच दिवशी तो आधी माझ्याकडं आला. "सर, पैली सवारी तुमची," म्हणाला, आणि मला विष्णुपुरीपर्यंत फिरवून आणलं. धरणावर वारा होता. गाडीला आवाजच नव्हता — नुसती सरकत होती. मी छान आहे, छान आहे म्हणत राहिलो आणि डोळ्यांनी खोट शोधत राहिलो. सीट कडक आहे. डिकी लहान आहे. घरी येऊन बायकोला म्हणालो, आपल्याकडच्या उन्हात त्या बॅटऱ्या टिकत नसतात. तिनं विचारलंही नव्हतं.

मला सोडून जातो असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. एक दिवस गाडेकर युनूसबरोबर गेला, मग संध्या मॅडम; वर्गणी तिथंही होती, पण थोडीच. युनूसनं मलाही बोलावलं. घरी चार्जिंगला लावतो, सकाळी भरलेली ऱ्हाती, तुम्ही कशाला पेट्रोल जाळून राहिले, म्हणाला. मनापासून म्हणाला. मी नको म्हटलं आणि एकटा गाडी हाकत राहिलो — नुसत्या हट्टानं. नरसीच्या अलीकडं त्यांची गाडी मला मागं टाकून जायची. आतून संध्या मॅडम हात करायच्या. मी हात करायचो आणि दात आवळायचो. शेवटी बायकोनं चार शब्द सुनावले, तेव्हा मुकाट्यानं देगलूर नाक्यावर जाऊन उभा राहिलो. मी — आता मी वाट बघत उभा. गाडेकरचे पाय लांब म्हणून तो पुढं बसायचा. मी मागं.

पण खरं दुखणं सीटचं नव्हतं. सांगतो.

संध्या मॅडमच्या आईला लकवा झालेला होता. घरात दोघीच. दिवसभर शेजारची एक बाई लक्ष ठेवायची, पण संध्याकाळी तिला स्वतःच्या घरचं असायचं. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी मी मॅडमना सिडकोत मोठ्या रस्त्यावरच उतरवत आलो होतो — तिथून त्यांचं घर बरंच आत. युनूसनं पहिल्याच दिवशी गाडी आत गल्लीत घातली, थेट दारापाशी. एकदा त्यांच्या आईला बाहेर खुर्चीत बसवलेलं दिसलं, तर तो उतरला, त्यांना गाडीत बसवलं आणि एक चक्कर मारून आणली. त्या म्हाताऱ्या बाई तोंडाच्या एकाच बाजूनं हसत होत्या. मी मागच्या सीटवर बसून ते बघत होतो. मला असं काही कधी सुचलं का नव्हतं? गाडी तर माझ्याकडंही होती. इतकी वर्षं होती.

त्या हसण्यानं माझ्या मनात जे उठलं, त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. आज देतो. जळत होतो मी.

काही दिवसांनी वजिराबादेत एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. माझा फोन बंद पडलाय म्हणून दुकानदाराचा मागून घेतला, कोपऱ्यात गेलो, आणि आरटीओत तक्रार केली. खासगी गाडीत पैसे घेऊन सवारी नेतात. गाडीचा नंबर सांगितला, रस्ता सांगितला, वेळ सांगितली. नाव विचारलं तेव्हा फोन ठेवला. दुकानदाराला धन्यवाद देऊन बाहेर आलो. हात कापत नव्हते. हे मुद्दाम सांगतो — हात कापत नव्हते.

तपासणीची गाडी नायगावच्या पुढं आडवी आली. आम्ही चौघंही आत होतो. एकेकाला खाली घेऊन विचारलं, पैसे देता का. गाडेकर म्हणाला, मला काही माहीत न्हाई. मी म्हणालो, दोस्त आहे माझा, दोस्तीत येतो. छाती पुढं काढून म्हणालो. संध्या मॅडमना खोटं बोलता आलं नाही. हो, खर्च वाटून घेतो, त्यात लपवायचं काय, असं त्या सरळ म्हणाल्या.

दंड झाला. गाडी कितीतरी दिवस अडकवून ठेवली. शाळेत कुजबुज झाली, मुख्याध्यापकांनी युनूसला बोलावून समज दिली. शिक्षक माणूस, धंदा करतो म्हणून. तो खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. इतकं मला हवं होतं का? कदाचित हवं होतं. मी त्याला चहाला घेऊन गेलो.

तिथं, टपरीच्या बाकड्यावर, त्यानं मला विचारलं, "कुणी केलं आसंल वो सर? मी कुणाचं काय वाईट केलं?"

इथवर जे सांगितलं ते तरी एका फोनापुरतं होतं. खरा कबुलीजबाब पुढंच आहे. तो बघत होता माझ्याकडं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कुणी तरी रस्त्यावरचा असेल म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी कपात बघत म्हणालो, "संध्या मॅडम किती सरळ सांगून मोकळ्या झाल्या, न्हाई का? जसं आधीच ठरवून आल्या होत्या."

बस, एवढंच.

त्यानं कप बाकड्यावर ठेवला. मग मान हलवून नुसता "हाव" म्हणाला.

गाडी सुटून आली तेव्हा त्यानं सवारी बंद केली. पैसेच नकोत आणि माणसंही नकोत, म्हणाला. फक्त मला घेतलं. त्या दिवशी रस्त्यात तुम्हीच माझ्या बाजूनं उभं ऱ्हायलात, म्हणाला. गाडेकर एसटीनं यायला लागला. मी पुढच्या सीटवर बसायला लागलो.

संध्या मॅडमही एसटीनं यायच्या. नरसीला गाडी बदलायची, दुसरी कधी मिळायची, कधी निघून गेलेली असायची. पंपाचे भाव असे की स्वतःची स्कूटर एवढ्या लांब रोज आणणं त्यांना झेपणारं नव्हतं. घरी पोचायला अंधार व्हायला लागला. माझी गाडी दारात उभीच होती; ती मी बाहेर काढली नाही. शेजारच्या बाईनं हात टेकले. मग मॅडमनी बिलोलीत भाड्यानं खोली घेतली आणि आईला तिकडं हलवलं. स्टाफरूममध्ये युनूस त्यांच्याशी बोलत नसे. काय झालं म्हणून त्यांनी त्याला एकदा विचारलं, तर तो उठून गेला. मी तिथंच बसलेलो होतो. वह्या तपासत होतो.

त्यांच्या आई त्या खोलीतच गेल्या. घरी कधी जायचं, घरी कधी जायचं, असं शेवटपर्यंत विचारत होत्या म्हणे.

भेटायला जायला हवं होतं. युनूस म्हणाला, तुम्हाला नेतो, पण मी आत येत न्हाई. त्यानं गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि आतच बसून राहिला. मी गेलो. एका खोलीचं घर, भिंतीला टेकवून ठेवलेली चाकाची खुर्ची. मी सतरंजीवर बसलो. संध्या मॅडमच म्हणाल्या, सर, तुम्ही आलात, बरं वाटलं. मग थोड्या वेळानं दाराकडं बघत म्हणाल्या, "युनूस सरांना सांगा, आई त्यांची लई आठवण काढायची. गाडीवाला पोरगा कुठाय म्हणायची. माझं काही चुकलं असलं तर त्यांनी मला तोंडावर सांगावं. एवढं सांगाल का?"

सांगतो म्हणालो.

बाहेर आलो. युनूस स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी दार उघडून शेजारी बसलो. त्यानं लगेच गाडी सुरू केली नाही.

"काय म्हणल्या?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो, आणि पट्टा लावला.