रुमालवालीचा डूख

जुन्या गाड्यांच्या यार्डासमोरच्या फुटपाथवर दर रविवारी सकाळी एक बाई घडीची खुर्ची टाकून बसायची. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉर्च, चिंध्या आणि एक पांढरा रुमाल. फाटकाकडे कुणी वळलं की ती उठायची. "डिझेल बघताय ना? मी तपासून देते. पैसे नकोत."

बाकी बाजारात ती तपासणीचे पैसे घेई, आणि रोख घेई. फुकट काम होतं ते या एका फाटकासमोर. दलाल तिला रुमालवाली म्हणत. यार्डवाला जे म्हणे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच वर्षांपूर्वी तिला बॉनेट कुठून उघडतं हेही ठाऊक नव्हतं. ती गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. नवरा दुसऱ्याची गाडी चालवायचा. तीन म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं पक्कं काम त्याला मिळालं, तेव्हा दोघांनी ठरवलं, आता स्वतःची गाडी. याच यार्डात त्यांनी चंदेरी डिझेल सेडान पाहिली. यार्डवाल्याने बसायला खुर्च्या दिल्या, पंखा त्यांच्याकडे वळवला. "डॉक्टरांची गाडी आहे. एकहाती वापरलेली." किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. तिने सहज बॉनेटवर हात ठेवला. ते चांगलंच तापलेलं होतं.

"गरम कशी हो?"

"तुमच्यासाठीच जरा फिरवून आणली, वहिनी."

तिला केवढं बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंच तिला पुढे आयुष्यभर डाचत राहिलं.

सातव्या आठवड्यात, दवाखान्याच्या चढावर, इंजिन आपोआप भरधाव फिरायला लागलं. नवऱ्याने पाय काढला, किल्ली काढली, तरी ते थांबेना. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या चाकाचं, सील गेलेलं होतं. इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळत सुटलं होतं आणि मागे निळसर धुराचा लोट. नवऱ्याने आधी तिन्ही म्हाताऱ्यांना उतरवून लांब बसवलं. मग इंजिन गुदमरून थांबावं म्हणून हवेचं तोंड बंद करायला अंगातला कोट काढून बॉनेटमध्ये हात घातला. तेवढ्यात पाइप फुटला आणि उकळतं तेल उजव्या हातावर आलं. चार ऑपरेशनं झाली. आता त्या हाताची दोनच बोटं वळतात.

ती मेकॅनिकचा लेखी अहवाल घेऊन यार्डात गेली. यार्डवाल्याने तो हातातसुद्धा घेतला नाही. "गाडी बघूनच घेतलीत ना? मी काय तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती?"

ती अहवाल पिशवीत घालून परत आली. पण त्या दिवशी तिने जो डूख धरला, तो धरलाच.

घराजवळ एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. ती त्याला म्हणाली, "तुमच्याकडच्या गाड्यांची सीट कव्हरं मी शिवून देते. मला डिझेल इंजिन शिकवा."

"कशासाठी?"

"एका माणसासाठी."

उस्तादाने स्टूल पुढे सरकवलं.

दोन वर्षं ती कारखान्यातून सुटली की तिथे जायची. तिचा कान आधीच तयार होता. शिलाई मशीनची सुई केसभर वाकली तरी तिला आवाजावरून कळे. क्लच दाबल्यावर खडखड बदलली की फ्लायव्हील गेलं, हे ती आठवड्यात शिकली. तेलाचं झाकण उघडून धूर भसाभस वर आला तर इंजिन आतून झिजलेलं. सायलेन्सरच्या तोंडात रुमाल फिरवायचा, तो काजळीने काळाकुट्ट निघाला तर धुराची जाळी कुणीतरी काढून फेकलेली. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, टोकाला वाळका गाळ दिसला तर गाडी पुरात बुडलेली. मीटर पन्नास हजार सांगतो आणि ब्रेकच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालंय? मग मीटर खोटं बोलतो. आणि सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात. गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची, कारण तापलेलं इंजिन आपले दोष लपवतं. गरम असेल तर आल्या पावली परत फिरायचं.

मग तिने फुटपाथवर खुर्ची टाकली. पहिल्याच रविवारी तीन गिऱ्हाइकं परत गेली. यार्डवाल्याने आधी दम दिला, मग पोलीस बोलावला. पोलिसाने विचारलं, "बाई काय करते?" यार्डवाल्याला सांगता येईना. शेवटी पोलिसानेच आपल्या मेहुण्यासाठी एक गाडी तिच्याकडून तपासून घेतली, आणि मग विकत घेतलीच नाही. बाजारात आठवडाभर हसू पिकलं.

दीड वर्षात यार्डवाल्याच्या नाकी नऊ आले. तेव्हा त्याने शहाणपणा केला. एक निळी सेडान आणली, चांगल्या मेकॅनिककडून नीट करून घेतली आणि रविवारी पुढेच उभी केली. एक नर्स ती बघायला आली. सरळ रुमालवालीकडेच आली.

"ताई, तुम्ही सांगाल तसं."

बॉनेट गार होतं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, धूर नाही. रुमाल जवळजवळ पांढरा निघाला. बेल्टच्या टोकाला गाळ नाही. तिने हवेचा पाइप सोडवून टर्बोच्या चाकाला बोट लावलं. कुठे खेळ नाही, कुठे तेल नाही. दोन तास ती त्या गाडीखाली, गाडीत, गाडीवर होती. यार्डवाला दारात हाताची घडी घालून उभा, आणि तोंडावर हसू.

ते हसू तिने पाहिलं.

"टर्बो गेलाय," ती नर्सला म्हणाली. "चाक आत-बाहेर हलतंय. सहा महिने चालेल, मग चढावर दगा देईल."

यार्डवाल्याचं हसू उतरलं. "अहो, नवा टर्बो बसवलाय. पावती आहे माझ्याकडे, दाखवतो."

"पावत्या काय, कसल्याही करता येतात," नर्स म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

तो पावती हातात धरून फाटकापर्यंत तिच्यामागे गेला. त्या जागी उभं राहून तो बहुधा पहिल्यांदाच खरं बोलत होता, आणि ऐकायला कुणी थांबलं नाही. रुमालवाली हात पुसत सगळं बघत राहिली. हात पुसून झाले तरी पुसत राहिली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "खरंच गेला होता टर्बो?"

"नाही."

"मग त्या नर्सला चांगली गाडी सोडायला लावलीस."

"दुसरी शोधून देईन."

तिने दिलीही, तीन आठवडे पायपीट करून. पण नवरा त्यानंतर दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही, आणि तिनेही माफी मागितली नाही.

निळी गाडी यार्डात उन्हात उभी राहून फिकी पडली. ती रुमालवालीने नापास केली म्हटल्यावर तिच्याकडे कुणी फिरकेना. इतर गाड्यांचंही तेच झालं. वर्षाच्या आत यार्डवाल्याने जागा सोडली. शेवटच्या दिवशी गाड्या ट्रकवर चढत होत्या, तेव्हा तो रस्ता ओलांडून तिच्यापाशी आला. खूप थकलेला दिसत होता.

"निळीत काही दोष नव्हता, बाई."

"माहीत आहे मला."

तो आणखी काहीतरी ऐकायला थांबला. ट्रक वळवायला जागा हवी होती म्हणून तिने खुर्ची थोडी मागे घेतली, एवढंच.

घरी नवरा डाव्या हाताने जेवत होता. तिने यार्ड बंद झाल्याचं सांगितलं.

"बरं वाटलं?" त्याने विचारलं.

तिने खरोखर विचार केला. "हो," ती म्हणाली. "वाटलं."

त्याने मान हलवली आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. पुढच्या रविवारी ती साडेसहालाच जागी झाली, आवरून दारापर्यंत गेली, आणि कुठे जायचं ते न सुचून बराच वेळ उंबऱ्यातच उभी राहिली.