शपथेआधी की शपथेनंतर?

मी खेडच्या कोर्टात नवा कारकून होतो. शेजारच्या विधवेनं बांध सरकवला, असा दावा चाकणकडच्या एका पाटलानं लावला होता. त्याचा साक्षीदार एक म्हातारा शेतकरी होता. पिंजऱ्यात उभं राहून त्यानं फेटा सावरला आणि पाटलाच्या वकिलाकडे बोट दाखवून न्यायाधीशांना विचारलं, “यांनी सकाळी पढवलेलं शपथेआधी सांगायचं, का मागनं?”

सगळे हसले. न्यायाधीश हसू दाबत म्हणाले, “शपथेनंतर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं.”

“मग सोपं हाय. बांध पाटलानंच सरकवला.”

पुढे निकाल बाईच्या बाजूनं लागला. साक्षीच्या दिवशी मात्र पाटील म्हाताऱ्याला न घेताच बैलगाडी हाकून गेला.

मी म्हणालो, “बाबा, पायी फार लांब पडेल.”

“व्हय. पर वाट त्या बाईच्या दारावरनं जाती. आज च्या तरी मिळंल.”