डेक्लनकाकांचं ताट

हौशी मंडळी नाटक करायला जमली की नाटक राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आमच्या मराठी ग्रुपचे तर इतके साठलेत, की निम्मे मी रचले असा माझ्यावर आरोप आहे. निम्मे नाहीत हो!

*

डेक्लनकाका आमच्या शेजारचे. आयरिश कवी, नाटककार. त्यांच्या कविता इथली पोरं शाळेत शिकतात, नाटकं लंडनला लागतात. आणि हा माणूस घरातल्या सपाता घालून आमच्या तालमीला येऊन बसायचा!

"तुम्हाला मराठी कळतं?" मी एकदा विचारलं.

"अजिबात नाही. म्हणून तर नट खोटं बोलला की लगेच कळतं."

*

त्यांचंच एक नाटक आम्ही मराठीत करायला घेतलं. घर सोडून गेलेल्या मुलासाठी आई रोज ताट मांडते. मुलगा येत नाही. रिकाम्या ताटावर प्रकाश, पडदा.

"करा," काका म्हणाले. "पण शेवटाला हात लावलात तर शाप देईन. आयरिश शापाला उतारा नसतो!"

त्यांचा स्वतःचा मुलगा, शॉन, भांडून ऑस्ट्रेलियाला गेला होता. त्याचा फोनसुद्धा येत नसे. काका त्याबद्दल बोलत नसत, आम्ही विचारत नसू.

*

आईचं काम ग्रुपमधल्या नलिनीकाकूंकडे होतं. प्रयोग रंगला. शेवटी काकूंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि ते उचलून सरळ विंगेत आल्या! तिथे आमच्या जेवणाची पातेली ठेवलेली. भात वाढला, वरण घातलं, वर तूप.

"काकू, रिकामं! ताट रिकामं!" मी कुजबुजलो.

काकू स्टेजवर जाऊन, भरलेलं ताट मांडून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ज्याला यायचंय त्याचं ताट रिकामं ठेवतात का?"

पहिल्या रांगेतले डेक्लनकाका उठले आणि निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. दार उघडून त्यांनी एवढंच विचारलं, "भात गरम होता?"

"वाफाळता."

काकांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, "म्हणजे ती वाट बघत नाहीये. तिला खात्री आहे."

त्यांनी मूळ नाटकाचा शेवट बदलला. आता सगळीकडे ताट भरलेलं असतं. लंडनच्या प्रयोगात वर तूपही असतं. हे मात्र मी रचलंय!

*

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आयरिश लोक गेलेल्या माणसाला अंत्यविधीपर्यंत घरीच ठेवतात, भोवती बसून खातात, हसतात. आम्ही पांढरे कपडे घालून, उपाशीपोटी, माना खाली घालून दारात उभे!

"आत या," काकांची एक आयरिश शेजारीण ओरडली, "आणि किस्सा सांगा!"

मी ताटाचा सांगितला. घर हसलं, मग काही डोळे पुसले गेले. जेवणं सुरू झाली. काकूंनी डेक्लनकाकांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट वाढून ठेवलं.

इतक्यात दार उघडलं. हातात बॅग, कोट भिजलेला, आणि नाक थेट डेक्लनकाकांचं. शॉन!

काकूंनी ती रिकामी खुर्ची मागे ओढली.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. मराठीत.

शॉनने बॅग खाली ठेवली, आणि तो हात धुऊन आला.