मोटर सुरू करू का?

आमच्या ऑफिसात चहाला चार डोकी जमली की कोणीतरी म्हणतंच, "ताई, त्या मोटरचं सांगा ना!" आता कुठल्या मोटरचं? किस्से इतके साठलेत की तालुकावार लावून ठेवावे लागतील.

बारामतीत आमचं छोटंसं ऑफिस. शेतकऱ्यानं फोनवर बोलायचं आणि एआयनं काम करायचं, असा एक मदतनीस आम्ही बनवतो. त्याच्या हाताशी काही टूल दिलेली असतात: विहिरीवरची मोटर सुरू कर, बंद कर, निरोप पाठव. कुठलं टूल कशाचं, कधी वापरायचं, हे मराठीत लिहून देणं माझं काम. तो ते वाचतो आणि अगदी तसंच वागतो! कोड सोनालीचा. आणि पहिलं गिऱ्हाईक कळस गावचे रघुनाथतात्या. त्यांच्या डाळिंबाला नुकती फळं धरलेली. या दिवसांत पाण्याचा ताण पडला की फळं गळतात, वर्ष हातचं जातं. थोडक्यात, आमचं शिकणं तात्यांच्या बागेवर चाललं होतं.

*

पहिलं वर्णन मी एका ओळीत उरकलं. "मोटर सुरू करते."

सकाळी तात्यांनी फोनला विचारलं, "मोटर चालू हाय का रं?"

मोटर बंद होती. पण चालू आहे की बंद, हे बघायचं टूल आम्ही तेव्हा दिलंच नव्हतं, ते नंतर दिलं. गड्यानं हाताशी होतं ते वापरलं. मोटर सुरू केली आणि शांतपणे म्हणाला, "हो, चालू आहे."

सोनालीनं कपाळाला हात लावला. "पण खोटं नाही हं बोलला!"

*

पुढं मी लिहिलं, "किती वेळ चालवायची तो आकडा द्यावा." आकडा तासांचा की मिनिटांचा, हे कोण लिहिणार?

तात्या म्हणाले, "दोन तास सोड." त्यानं 'दोन' दिले, मोटरनं मिनिटं धरली.

तात्यांचा मला फोन, "ताई, चूळ भरायला पानी सोडलं व्हय?"

*

मग मी इतकी घाबरले की सूचनांचा पाऊस पाडला. वीज तपासावी, माती बघावी, खात्री करावी, पुन्हा खात्री करावी.

"माती ओली आहे का? वीज आली आहे का? नक्की सुरू करायची का? नक्की?"

तात्या कडाडले, "आरं, मोटर चालू करतोस का सोयरीक जमवतोस?"

*

निरोपाच्या टूलला मी लिहिलं होतं, "संबंधितांना निरोप पाठवते." संबंधित म्हणजे कोण, हे त्यानंच ठरवलं. मोटर बंद पडल्याचा निरोप तात्यांच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना गेला. तासाभरात भवानीनगरचे व्याही वायरमनला मागं बसवून मोटरसायकलवर हजर! व्याह्यांना नुसत्या चहावर कसं पाठवायचं?

"तुमच्या मशिनीनं पावनं बोलावलं," तात्या म्हणाले, "आता जेवान बी तिलाच करायला सांगा!"

*

शेवटी मोटरच्या टूलला मी लिहिलं, "विहीर सामाईक असेल आणि पाळी दुसऱ्याची असेल तर आधी त्याला विचारावे. स्पष्ट 'हो' मिळाल्याशिवाय मोटर सुरू करू नये." या वर्णनावर मी फार खूश होते.

तात्यांची विहीर सामाईक आहे, थोरल्या भावाबरोबर, भीमरावआबांबरोबर. वाटण्या झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पाण्याची पाळी मात्र दोघंही काटेकोर पाळतात. नेमकी तात्यांच्या पाळीला लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पाळी आबांची. इकडं झाडांनी माना टाकलेल्या, आणि तात्या काही तोंड उघडून मागणाऱ्यातले नाहीत. ते फोनला म्हणाले, "चालू कर."

आमच्या मदतनीसानं थेट आबांना फोन लावला! आम्ही ऑफिसात ऐकतोय. 

"आबा, रघुनाथतात्यांच्या डाळिंबाला पाणी हवं आहे. आज पाळी तुमची आहे. मोटर सुरू करू का? हो किंवा नाही सांगा."

"त्यो का बोलत न्हाय?"

"मला माहीत नाही. विचारू का?"

"इचार."

त्यानं तात्यांना विचारलं.  तात्या घसा खाकरून म्हणाले, "मोटरचं तेवढं बोल म्हनावं त्येला."

हेही आबांना जसंच्या तसं पोचलं. झालं, आता 'नाही' येणार आणि बाग जाणार, असं मी धरून चालले. 

"फळं कशी धरल्यात?" आबांनी विचारलं.

"ते पाहायची सोय माझ्याकडे नाही."

"मग ठेव फोन."

"आबा, हो की नाही?"

फोन कट. विहीर आबांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, तात्यांची मोटर हातानं सुरू करायची स्टार्टरची पेटी तिथंच. आम्ही दोघी स्क्रीनकडं बघत बसलो. चहा निवला. बऱ्याच वेळानं मदतनीसानं तात्यांना कळवलं,

"आबांची परवानगी अजून मिळालेली नाही. मोटर मात्र सुरू झाली आहे."