सरळ केलेला ठोका

नितेश आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला तेव्हा त्याच्या सामानात ड्रमच्या पेट्या बघून मी दारातच त्याला थांबवलं होतं.

"हे इथे चालायचं नाही हं," मी म्हटलं.

"काकू, हे ड्रम आवाज करत नाय. फक्त माझ्या कानात वाजतात."

ते बरंचसं खरं निघालं. लोखंडी दांड्यांवर रबराच्या गोल चकत्या, त्यांतून एक वायर लॅपटॉपला आणि कानाला हेडफोन. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तो पंप चालवायचा. शिफ्ट संपवून आला की जेवायचा आणि वाजवत बसायचा. खाली मला नुसती टपटप ऐकू यायची. यजमान गेल्यापासून घर गप्प झालं होतं, त्यामुळे त्या टपटपीचा त्रास होण्याऐवजी तिची सोबतच वाटायची.

त्याचं गाव पेणच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. वडील दाजी भात आणि वाल पिकवायचे. चैत्रातल्या जत्रेला गावदेवीची पालखी नाचवतात, तिच्यापुढे ढोल दाजींचा. खांद्यावर पालखी घेणारे गडी पायाखाली बघत नाहीत, दाजींच्या ढोलावर पाऊल टाकतात, असं नितेश सांगायचा. त्याने स्वतः लग्नाहळदीच्या बेंजो पार्टीत वाजवलं होतं, पण पालखीचा ढोल कधी धरला नव्हता. "तो बाबांचाच," एवढंच म्हणायचा.

मागच्या दिवाळीनंतर दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डावा उरला, तोही थरथरायचा. उपचारासाठी नितेश त्यांना आणि आई गिरजाबाईंना रोह्याला घेऊन आला. दाजी दिवसभर खिडकीशी बसून असायचे. कुणी ढोलाचा विषय काढला की तोंड फिरवायचे.

एका रविवारी मी चहा घेऊन वर गेले, तर नितेश त्यांच्यापुढे एक चकती धरून बसलेला.

"बाबा, डाव्या हाताची थाप तेवढी द्या."

"आनि काठी कोन मारील? तुजा आजा?"

"काठी नंतर. आधी थाप."

गिरजाबाई चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढूनच, म्हणाल्या, "मारा की वो. पोरगा एवढा म्हनतोय."

"तू गप गो. तुला काय कलतंय ढोलातलं?"

"चालीस वरसा कान किटलेत माजे, मला नाय कलत?"

दाजी हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यांनी थाप दिली आणि देतच राहिले. मग नितेशने हेडफोन त्यांच्या कानाला लावले, आत्ताच दिलेली थाप त्यांना ऐकवली आणि डाव्याच हातात काठी देऊन दुसऱ्या चकतीवर काठीचे ठोके मारायला सांगितलं. लॅपटॉपने दोन्ही एकत्र केलं. गावच्या ढोलाचा आवाज नितेशने आधीच त्यात भरून ठेवला होता. त्याने स्पीकर लावला आणि खोलीत दोन हातांचा ढोल वाजला.

दाजींनी आपल्या निर्जीव उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "जत्रेला हाच लाव. लोकांना सांग, दाजी आला."

ही एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली. नितेशने ती मनावर घेतली. त्याने मला समजावून सांगितलं होतं की लॅपटॉप आवाज नाही, तर हात टिपतो: कुठल्या चकतीवर, कुठल्या क्षणी, किती जोराने. पडद्यावर प्रत्येक ठोक्याची एक बारीक खूण उमटते. दाजींच्या खुणा तालाच्या समान अंतरावरच्या रेषांवर नीट बसत नव्हत्या. काही अलीकडे, काही पलीकडे.

जत्रेच्या आधी नितेशने एक बटण दाबलं. त्यासरशी सगळ्या खुणा आपापल्या रेषेवर जाऊन बसल्या. काम जतन करून त्याने लॅपटॉप बंद केला. बाबांच्या हाताची थरथर साऱ्या गावाने ऐकू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

जत्रेला मीही गेले. दाजींना देवळापुढे खुर्चीवर बसवलं होतं, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. टेम्पोवरच्या स्पीकरमधून ढोल सुरू झाला. पालखी उचलली गेली आणि दोन-चार पावलांतच कलली. गडी एकमेकांकडे बघू लागले. पुन्हा उचलली, पुन्हा पावलं चुकली.

"काय रं नितेश," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कंपनीतला पंप लावलास काय?"

लोक हसले. पुढचा एक म्हातारा गडी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "गुडघा वाकतो तवा दाजी थांबायचा रं. ह्यो थांबतच नाय."

शेवटी बेंजो पार्टीतल्या एका पोराने ढोल गळ्यात अडकवला आणि पालखी पुढे गेली. दाजी खुर्चीवर तसेच बसून होते. नितेश त्यांच्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"झ्याक होता," दाजी म्हणाले. "पन मी नव्हतो त्याच्यात."

रोह्याला परत आल्यावर नितेशने लॅपटॉप उघडला. जुन्या खुणा परत आणायच्या म्हणून धडपडला, ओळखीच्यांना फोन केले. त्याच्यावरच नवं जतन केलं होतं, जुनं काही उरलं नव्हतं. "मी थरथर काढायला गेलो, काकू," तो मला म्हणाला, "आनि थांबनं पन गेलं. दोन्ही एकाच जागी व्हती."

दाजींना पुन्हा वाजवायला बसवायचं त्याने ठरवलं. पण वैशाखात दुसरा झटका आला. दाजी इस्पितळातून परतले ते चादरीत गुंडाळलेल्या गाठोड्यासारखे. तरी एका सकाळी त्यांनीच चकतीकडे बोट केलं. नितेशने ती उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. गिरजाबाईंनी पाठीला उशी दिली आणि बाजूला सरकल्या. मी दारात उभी होते.

दाजींनी डावा हात उचलला. जेमतेम बोटभर उचलला गेला आणि चकतीवर टेकला. मारणं नव्हतंच ते, ठेवणं होतं. नितेशने लॅपटॉपवर काहीतरी वाढवलं, चकतीला बारीकसा स्पर्शही कळावा म्हणून. पुन्हा हात उचलला, पुन्हा टेकला. मधे दाजी थांबले, मान किंचित झुकवून, जणू समोर कुणाचा तरी गुडघा वाकत होता. मग पुन्हा हात टेकला.

माझ्या जागेवरून पडदा दिसत होता. त्यावर रेषा होत्या, एकही खूण नव्हती.

"लागला काय रं?" दाजींनी विचारलं.

"लागला, बाबा."

"मग ऱ्हऊ दे तसाच. सरल करू नको."

"नाय करत," नितेश म्हणाला, आणि त्याने ते रिकामं पान जतन केलं.