नऊ नंबरच्या खाटेचं लुगडं

गोजरबाई मस्तगडजवळच्या जनानी दवाखान्यात आया होती. नवरा गेल्यावर परतूरहून आली, ती बावीस वर्षं तिथंच राहिली. फार बोलायची नाही. मी तिथला कंपाउंडर, तिच्या वाटणीचंही मीच बोलायचो.

लढाईच्या दिवसांत दुखणं थांबवणारी मॉर्फियाची सुई जेमतेमच मिळू लागली. डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, सुईशिवाय भागतं का ते एकदा पडताळून बघू. गर्भपिशवी काढलेल्या बायकांपैकी सम नंबरच्या खाटांना सुई, विषम खाटांना साधी गोळी आणि कमरेला फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. दुखतं का, हे गोजरबाईनं विचारायचं आणि मी वहीत लिहायचं.

पण प्रत्येक खाटेशी सासू बसलेली. तिच्यापुढं कण्हलं तर माहेरचं नाव जायचं. द्वारकाबाई म्हणून एक होती, तिची सासू सुनेच्या आधीच सांगायची, "बराबर हाय, तिला काय व्हायलंय?" मग सूनही म्हणायची, "बरं हाय." सगळ्याच तसं म्हणायच्या. तीन महिन्यांनी वही बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही सारखंच दिसतंय. पुढच्या महिन्यापासून सुई बंद."

त्याच आठवड्यात गोजरबाईची पिशवी काढावी लागली. खाट नऊ नंबरची मिळाली, म्हणजे वीट. तिच्या उशाशी सासू नव्हती, कोणीच नव्हतं. मी विचारलं, "दुखून राह्यलं का?" ती छताकडं बघत म्हणाली, "बरं हाय." चेहऱ्यावर काही नव्हतं. मी लिहिलं. वर्षानुवर्षं तिच्याशेजारी काम करून मला एवढंच कळलं, याची आजही लाज वाटते.

दहाव्या दिवशी ती भिंतीला धरत धुण्याच्या खोलीत गेली आणि दवाखान्याची लुगडी घेऊन आली. प्रत्येकावर खाटेचा नंबर लाल दोऱ्यानं शिवलेला. तिनं बाईंच्या टेबलावर दोन ढीग लावले. सम नंबरांचे पदर धड होते. विषम नंबरांचे चावून चावून चिंध्या झालेले. सगळ्यांत वर नऊ नंबरचं ठेवलं.

"मीच धुती, मला मालूम व्हतं," ती म्हणाली. "बाईचं दुखणं, त्यात काय सांगायचं, असं वाटायचं."

बाई बराच वेळ पदर चाचपत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सुई चालू ठेवायची. सगळ्यांना. जास्तीच्या सुया मागवायला हैदराबादला आजच तार करा."

मग त्यांनी हळूच विचारलं, "गोजरबाई, फार दुखलं का?"

ती खाली बघत म्हणाली, "बरं हाय."

या वेळी मी ते लिहिलं नाही.